मराठी पाटी सक्तीची, मग मराठी बोलण्याचं काय? कायदा समजून घ्या

भाईंदर पश्चिम : शेजारच्या मिरा रोडला मराठी बोलण्यावरून दुकानदाराला मारहाण झाली. जुलै २०२५ मध्ये व्यापाऱ्यांचा आणि मराठी माणसांचाही मोर्चा निघाला. पण कायदा काय सांगतो?

दुकान लहान असो की मोठं, २०२२ च्या दुरुस्तीनुसार पाटी मराठीत, देवनागरीत हवीच. अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

सरकारी कार्यालयात कर्मचाऱ्यांनी मराठीत बोलावं, असा फेब्रुवारी २०२५ चा शासन निर्णय आहे. तिथे हक्कानं मराठी बोला.

खासगी दुकानदारानं मराठीच बोलावं, असा मात्र कायदा नाही. आपण मराठीतच मागावं. नाही पटलं तर पुढचं दुकान गाठावं. हात उचलला तर गुन्हा आपल्यावरच. गावाकडून कामाला गेलेल्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं.