दुचाकी विमा व त्याच्या हप्त्याची तुलना

दुचाकी विमा हा मोटारसायकल, स्कूटर, मोपेड यांसारख्या दोन चाकी स्वयंचलित वाहनांसंबंधी वाहनमालक आणि विमा कंपनी यांच्यात होणारा करार होय. ठरावीक हप्त्याच्या मोबदल्यात अपघात, चोरी, आग, पूर इत्यादींमुळे उद्भवणारी आर्थिक जबाबदारी कंपनी स्वीकारते. भारतात या विम्याचा एक भाग कायद्याने सक्तीचा असून दुसरा ऐच्छिक आहे. सक्तीच्या भागाचा दर शासन ठरवते, म्हणून तो सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. फरक पडतो तो ऐच्छिक भागात. कोणती पॉलिसी स्वस्त, या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर या तालुक्यांत दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुरबाड शहरापर्यंत रेल्वे पोहोचलेली नाही. त्यामुळे सरळगाव, टोकावडे, धसई, म्हसा या परिसरातून कल्याणकडे किंवा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा माणूस एसटी नाहीतर दुचाकी यांवर अवलंबून असतो. शहापूर तालुक्यात किन्हवली, डोळखांब यांसारख्या गावांतून आसनगाव वा खर्डी स्थानक गाठण्यासाठीही दुचाकीच लागते आणि ती दिवसभर स्थानकाजवळ उभी असते. माळशेज घाटाकडे जाणारा कल्याण–अहिल्यानगर रस्ता व शहापुरातून जाणारा मुंबई–नाशिक महामार्ग, या दोन्हींवर अवजड वाहतूक मोठी आहे. या लेखातील उदाहरणे याच परिसराला धरून दिली आहेत.

पार्श्वभूमी

१९३९च्या मोटार वाहन कायद्यात त्रयस्थ पक्षाच्या विम्याची तरतूद होती व ती १ जुलै १९४६ पासून सक्तीची झाली. पुढे १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम १४६ने ही सक्ती कायम ठेवली. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर मुंबईची न्यू इंडिया, कोलकात्याची नॅशनल, चेन्नईची युनायटेड इंडिया आणि दिल्लीची ओरिएंटल या चार सरकारी कंपन्यांकडेच हा व्यवसाय होता. १९९९च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणाला वैधानिक अधिष्ठान मिळाले व खासगी कंपन्यांना प्रवेश खुला झाला. तरीही दरपत्रक सर्वांना समान होते. १ जानेवारी २००७ पासून वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावरील दरबंधन उठले आणि ग्राहकाच्या दृष्टीने तुलनेला खरा अर्थ प्राप्त झाला.

सक्तीचा भाग : त्रयस्थ पक्ष विमा

बोलीभाषेत ज्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात तो हा विमा. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला, त्याला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर ती भरपाई कंपनी देते. मृत्यू व शारीरिक इजेच्या बाबतीत मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम कंपनीस द्यावी लागते. मालमत्तेच्या नुकसानीसाठी दुचाकीच्या बाबतीत एक लाख रुपयांची मर्यादा आहे. ही मर्यादा सहा हजारांवर उतरवून घेतल्यास हप्त्यात ५० रुपयांची सूट मिळते. एखादा देकार पन्नास रुपयांनी स्वस्त दिसला तर त्यामागे हे कारण नाही ना, हे पाहणे शहाणपणाचे.

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे वार्षिक हप्ता ७५ सीसीपर्यंतच्या दुचाकीस ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसीपर्यंत ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीपर्यंत १,३६६ रुपये आणि त्यापुढे २,८०४ रुपये आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकीस ३ किलोवॅटपर्यंत ४५७ रुपये व ३ ते ७ किलोवॅटपर्यंत ६०७ रुपये असा कमी दर आहे. या रकमांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. ग्रामीण भागात दिसणाऱ्या १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक मोटारसायकली ७१४ रुपयांच्या गटात येतात. करासह ही रक्कम सुमारे ८४३ रुपये होते. ती सरकारी कंपनीकडे भरली काय, खासगी कंपनीकडे भरली काय किंवा एजंटाच्या हाती दिली काय, एकच असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१८च्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. ७५ ते १५० सीसीच्या गटात त्याचा हप्ता ३,८५१ रुपये आहे. वार्षिक दराची पाचपट ३,५७० रुपये होत असल्याने हा व्यवहार महाग वाटतो. मात्र मधल्या काळात दर वाढले तरी पाच वर्षे वाढीव रक्कम द्यावी लागत नाही.

या पाच वर्षांच्या तरतुदीने एक मोठा गैरसमजही निर्माण केला आहे. शोरूममधून गाडी घेताना मिळणाऱ्या नेहमीच्या पॉलिसीत त्रयस्थ पक्षाचा भाग पाच वर्षांचा, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा असतो. मालक समजतो की पाच वर्षे ‘फुल इन्शुरन्स’ आहे. दुसऱ्या वर्षी स्थानकाबाहेरून गाडी चोरीस गेली म्हणजे त्याला कळते की गाडीचा विमा संपून कित्येक महिने झाले. आणि सहाव्या वर्षी तर सक्तीचा भागही संपलेला असतो. पाच वर्षे कोणी काही मागितले नाही म्हणून सहाव्या वर्षी कोणाच्या लक्षात राहत नाही.

विम्याविना वाहन चालविल्यास कलम १९६नुसार पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये व पुढच्या गुन्ह्यास ४,००० रुपये दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु दंड ही त्यातली लहान गोष्ट होय. विमा नसताना अपघातात कोणी दगावले, तर न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई मालकाकडून वसूल केली जाते आणि कलम १७४प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्या शेतकऱ्यास या वाक्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

मागे बसणाऱ्याचा प्रश्न

गावाकडे दुचाकीवर एकटा माणूस क्वचितच असतो. मागे पत्नी, आई, शेजारी, शाळेत जाणारे मूल असते. केवळ कायद्याने सक्तीची असलेली त्रयस्थ पक्ष पॉलिसी मागे बसणाऱ्या व्यक्तीस संरक्षण देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया विरुद्ध तिलक सिंग या २००६च्या निकालात म्हटले आहे. याउलट सर्वसमावेशक पॉलिसीत मागे बसणाऱ्याची जबाबदारी अंतर्भूत आहे, असा खुलासा विमा प्राधिकरणाने २००९ मध्ये परिपत्रकाद्वारे केला. गाडी जुनी झाली, आता थर्ड पार्टी पुरे, असा विचार पुष्कळ जण करतात. तसे करताना गाडीच्या पत्र्याबरोबर मागे बसणाऱ्या माणसाचेही संरक्षण आपण सोडून देतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

चालविणाऱ्या मालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण २०१८ पासून आवश्यक करण्यात आले. त्यापूर्वी दुचाकीसाठी ते एक लाखच होते. याचा हप्ता कंपनीगणिक वेगळा असल्याने तुलनेत तो अवश्य पाहावा. एका व्यक्तीकडे दोन वाहने असली तरी हे संरक्षण एकदाच घेतलेले पुरते. ते नोंदणीकृत मालक स्वतः वैध परवान्यासह गाडी चालवीत असताना लागू होते. गाडी वडिलांच्या नावावर व चालविणारा मुलगा, ही आपल्याकडील नित्याची स्थिती. तेथे मुलाला या कलमाचा आधार आहे असे गृहीत धरता येत नाही.

ऐच्छिक भाग : स्वतःच्या वाहनाचे नुकसान

येथे हप्ता मुख्यतः वाहनाच्या विमाघोषित मूल्यावर, म्हणजे ‘आयडीव्ही’वर, अवलंबून असतो. उत्पादकाच्या विक्रीकिमतीतून वयानुसार घसारा वजा करून हे मूल्य काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० व पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असा घसारा आहे. पाच वर्षांपुढील वाहनाचे मूल्य मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते. गाडी चोरीस गेली किंवा पूर्णपणे निकामी झाली तर हीच रक्कम मिळते.

जुन्या दरपत्रकाने देशाचे दोन विभाग केले होते. ‘अ’ विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद. उर्वरित सारा देश ‘ब’ विभागात. मुरबाडची गाडी कल्याणच्या परिवहन कार्यालयात एमएच-०५ या क्रमांकाने नोंदली जाते, म्हणून ती ‘ब’ विभागातील ठरते. १५० सीसीपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतील गाडीस ‘अ’ विभागात १.७०८ टक्के व ‘ब’ विभागात १.६७६ टक्के असा दर होता. म्हणजे ७०,००० रुपये मूल्याच्या गाडीवर फरक पडतो तो २२ रुपये ४० पैशांचा. दरबंधन उठले असले तरी हे आकडे आधाराला धरून कंपन्या त्यावर आपापली सूट देतात.

वर्षभरात दावा न केल्यास पुढील हप्त्यात ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकून नवी घेतली तर ती नव्या गाडीस लावता येते. कंपनी बदलली तरी ती जात नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र साठलेली सारी सूट नष्ट होते.

एक उदाहरण

सहा वर्षे जुनी, ११० सीसीची मोटारसायकल. मूल्य ३०,००० रुपये. पाच वर्षे दावा केलेला नाही. पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीचा ‘ब’ विभागातील आधारदर १.७६० टक्के. त्यानुसार मूळ हप्ता ५२८ रुपये. पहिली कंपनी स्वतःची काहीच सूट देत नाही असे समजू. ५० टक्के बोनस वजा जाता २६४ रुपये राहतात. दुसरी कंपनी आधी ४० टक्के सूट देते. ३१६ रुपये ८० पैशांवर बोनस लावून १५८ रुपये ४० पैसे होतात. दोघींत अंतर १०५ रुपये ६० पैसे. त्रयस्थ पक्षाचे ७१४ रुपये दोघींकडे सारखेच.

आता तिसरा देकार पाहा. पहिल्या कंपनीच्याच दराने, पण मूल्य २२,००० धरून, हप्ता १९३ रुपये ६० पैसे दाखविला जातो. ७० रुपये ४० पैसे वाचले. गाडी चोरीस गेली तर मात्र ८,००० रुपये कमी मिळतील. दरांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर सर्वांत वर दिसणारी पॉलिसी अनेकदा अशी मूल्य उतरवूनच स्वस्त झालेली असते. म्हणून सर्व कंपन्यांचे देकार एकाच मूल्यावर मागविल्याशिवाय त्यांची तुलना होऊच शकत नाही.

पावसाळा, दूध आणि इतर अटी

मुरबाड–शहापूरचा पाऊस प्रसिद्ध आहे. उल्हास व काळू नद्यांना पूर आला की रस्ते पाण्याखाली जातात आणि कल्याण–मुरबाड मार्गावरील रायते पुलावरून वाहतूक बंद पडते. पुराने झालेली हानी ऐच्छिक भागात समाविष्ट आहे, त्रयस्थ पक्ष पॉलिसीत नाही. परंतु पाण्यात बुडालेली गाडी तशीच किक मारून सुरू केल्याने इंजिन बिघडले, तर ते परिणामी नुकसान म्हणून नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. गाडी न सुरू करता ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला नेणे, हा बिनपैशाचा उपाय.

‘झीरो डेप’ ही जोड सर्वांना विकली जाते. तिच्याविना प्लॅस्टिक, रबर, टायर व बॅटरी यांवर निम्मी रक्कम कापली जाते. २,४०० रुपयांच्या प्लॅस्टिक भागांचे १,२०० रुपयेच मिळतात. धातूच्या भागांवरील कपात वयानुसार वाढते व पाच ते दहा वर्षांच्या गाडीस ती ४० टक्के असते. नव्या गाडीस ही जोड घेणे योग्य. जुन्या गाडीस बहुतेक कंपन्या ती देतही नाहीत.

खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने वापर व मालवाहतूक वर्ज्य असते. नमुने व स्वतःचे सामान यांपुरतीच मुभा असते. दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या अडकवून रतीब घालणारा, भाजीचे क्रेट बांधून बाजार गाठणारा किंवा घरपोच वस्तू पोहोचविणारा तरुण यांनी ही अट पॉलिसी घेण्यापूर्वी वाचली पाहिजे. पॉलिसी विकणारा ती आपणहून सांगतोच असे नाही.

परवाना नसलेल्या व्यक्तीने गाडी चालविली असता गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. त्रयस्थास द्यावयाची भरपाई मात्र न्यायालये अनेकदा प्रथम कंपनीस द्यावयास लावतात व नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीस देतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालविल्यास कलम १९९अ प्रमाणे पालक वा मालक यांस २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अकरावीतल्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्यांनी हा आकडा वर्षाच्या विमा हप्त्याशेजारी मांडून पाहावा.

जुनी गाडी विकत घेताना

म्हशाच्या जत्रेत बैलाचा सौदा होतो तसा तोंडी सौदा दुचाकीचाही होतो आणि आरसी बुक जुन्या मालकाच्याच नावे राहते. कलम १५७नुसार मालकी हस्तांतरित झाली की त्रयस्थ पक्ष विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते. नोंद बदलण्यासाठी १४ दिवसांत कंपनीस कळवावयाचे असते. ऐच्छिक भाग मात्र असा आपोआप जात नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावे असताना गाडी चोरीस गेली तर नव्याला दावा करता येत नाही आणि जुन्याचा गाडीत हितसंबंध उरलेला नसतो. दोघांनाही काही मिळत नाही. जुन्या मालकाचा बोनसही नव्याला मिळत नाही. तो वजा करून दाखविलेला हप्ता नाव बदलताना फरकाने वाढतो.

चोरीच्या दाव्यास पोलिसांत तत्काळ नोंदविलेली फिर्याद, दोन्ही किल्ल्या, आरसी बुक व तपास न लागल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल (‘अ’ समरी) लागतो. फिर्याद वेळेवर दिलेली असेल, तर कंपनीस कळविण्यास झालेला विलंब हे एकमेव कारण दाखवून दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०च्या निकालात स्पष्ट केले. पॉलिसी खरी आहे की नाही हे ‘एम-परिवहन’ या शासकीय अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येते. कंपनीशी वाद झाल्यास प्रथम तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यास शुल्क नाही व वकीलही लागत नाही.