तोंडातले काळे डाग : कोणते दाखवायचे, कोणते सोडायचे

वस्तीत तोंडाची तपासणी करताना एक प्रश्न हमखास येतो. "ताई, हिरड्या काळ्या पडल्यात, कॅन्सर तर नाही ना?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. आपली कातडी सावळी, तशाच हिरड्याही. लहानपणापासून दोन्ही बाजूंना सारखा काळसर पट्टा असेल, दुखत नसेल, वाढत नसेल, तर तो अंगचा रंग आहे. त्याला औषध नको. काही ठिकाणी हिरड्या खरवडून गुलाबी करून देतात. त्या पैशात घरातल्या दोघांच्या किडक्या दाढा नीट होतील.

चांदी भरलेल्या दाढेशेजारी निळसर-राखाडी ठिपका दिसला तर तो बहुधा त्या धातूचाच असतो. एकदा दातांच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, म्हणजे झालं.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पुढच्या हिरड्यांवर तपकिरी डाग पडतात. ओढणं सोडल्यावर ते हळूहळू फिके होतात, पण त्याला महिने, कधी वर्षंही लागतात. मिश्री लावणाऱ्या बायांना वाटतं, आपण कुठे तंबाखू खातो! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि पुड्या कुठे मिळतात ते वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

आता खरी काळजीची गोष्ट. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर काळ्या डागापेक्षा पांढऱ्या किंवा लाल चट्ट्यातून जास्त होतो. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिथे तंबाखूची गोळी ठेवतो तिथे, पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सहन न होणं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर तोंड आखडत चाललंय. यात दुखत नाही म्हणून थांबायचं नसतं. सुरुवातीला दुखत नाहीच.

काळ्या डागांतही एक वाईट प्रकार आहे. तो क्वचित होतो, पण झाला तर टाळूवर आणि वरच्या हिरडीवर जास्त दिसतो. मोठेपणी नव्याने उठलेला, एकाच बाजूचा, कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे काळा कुठे तपकिरी, काही महिन्यांत पसरलेला किंवा रक्त येणारा डाग लगेच दाखवा. चेहऱ्यावरच्या तिळालाही हीच खूण लावा. तिळाला दोरा बांधणं, चुना-सोडा लावून जाळणं बंद करा.

कधी डाग तोंडात आणि आजार शरीरात असतो. गालाच्या आत व हिरड्यांवर नवे काळे डाग, तळहाताच्या रेषा काळ्या, वजन उतरतंय, उठलं की चक्कर, मीठ खावंसं वाटतं, असं एकत्र असेल तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कमी काम करत असू शकतात. टीबीमुळेही त्या खराब होतात, म्हणून पूर्वी टीबी झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. बोटांची पेरं काळी, जीभ गुळगुळीत, हातापायाला मुंग्या असतील तर बी-१२ तपासून घ्या. एचआयव्हीच्या आणि कुष्ठरोगाच्या काही गोळ्यांनीही रंग गडद होतो. त्यासाठी गोळ्या मनाने बंद करू नका.

गालांवरचा वांग बाळंतपणात, ऊन लागून, कधी गर्भनिरोधक गोळ्यांमुळे येतो. उन्हात पदर किंवा टोपी घ्या. गोळ्यांमुळे वाटत असेल तर नर्सताईंना विचारून दुसरं साधन घ्या. मेडिकलमधून 'गोरं करणारं' मलम मात्र आणू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, फोड आणि लव येते, आणि मलम सोडलं की वांग जास्तच उठतो. लग्न ठरेना म्हणून मुलीच्या तोंडाला हे चोपडणाऱ्या आईला मी स्पष्ट सांगते, काळा रंग हा आजार नाही, पण हे मलम आजार लावेल.

महिन्यातून एकदा चूळ भरून, दारातल्या उजेडात आरसा धरून बघा. ओठ उलटा, गाल ओढा, जीभ वर आणि दोन्ही बाजूंना करा, मग टाळू. डाग दिसला तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी वाढला की नाही ते कळतं. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी होते, आशाताईंना विचारा. डॉक्टर तुकडा तपासायला पाठवू म्हणाले तर घाबरून पळू नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. उपचार लागलेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे.