मुलूख उन्हाचा, लेप जस्ताचा

मे महिन्याच्या मध्यावर लातूर-नांदेडच्या माणसाची सावली भर दुपारी काही क्षण पायाखाली नाहीशी होते. लातुरात साधारण १३ मेला, नांदेडला १६ मेच्या आसपास, सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो. 'शून्य सावली दिवस' म्हणून हल्ली शाळांमधून मुलांना काठी उभी करून हे दाखवतात. मग सूर्य जरासा उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून जातो. तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

या दोन तारखांइतकीच महत्त्वाची तारीख आहे २२ डिसेंबर. वर्षातला सर्वांत लहान दिवस, अंगात स्वेटर. पण त्या दिवशीही दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंश वर असतो. उन्हातली अतिनील किरणं जाणवत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी एक सोपी खूण सांगितली जाते: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर त्या वेळी किरणं त्वचेला त्रास देण्याइतकी तीव्र आहेत. या खुणेप्रमाणे नांदेड-लातुरात वर्षातला एकही दिवस असा नाही, की ज्याची दुपार निर्धोक आहे. दिवाळीत तर पाच फूट उंचीच्या माणसाची दुपारची सावली जेमतेम तीन फुटांची पडते. त्याच दिवसांत रानात सोयाबीनच्या काढणी-मळणीची घाई असते आणि बाया सकाळपासून उघड्या उन्हात वाकलेल्या असतात.

आपण ऊन मोजतो ते चटक्यावरून, आणि घोळ तिथंच होतो. चटका उष्णतेचा असतो. पारा चढतो तो दुपारी तीन-चारच्या सुमारास. अतिनील किरणांचा कळस मात्र त्याआधीच, साडेबाराच्या आत-बाहेर येऊन गेलेला असतो. 'ऊन तापायच्या आत उरकून घेऊ' म्हणून जो अकराला बाहेर पडतो, तो सगळ्यात तीव्र किरणांच्याच वेळेत फिरतो. विरळ ढगांतूनही या किरणांचा बराच भाग खाली येतो. खिडकीची काच त्यांतली 'बी' किरणं अडवते, पण 'ए' किरणं बऱ्याच प्रमाणात आत सोडते. म्हणून रोज लांबच्या फेऱ्या मारणाऱ्या चालकाचा उजवा गाल आणि उजवा हात डाव्यापेक्षा जास्त रापलेला दिसतो.

'बी' किरणं त्वचा भाजतात, लाल करतात. 'ए' किरणं जास्त खोल जातात, रंगद्रव्य गडद करतात आणि वर्षानुवर्षांनी सुरकुत्या आणतात. ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये सनस्क्रीनची मोठी मोहीम सुरू झाली, ती गोऱ्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाच्या भीतीपोटी. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं आणि त्या कर्करोगाचा धोका आपल्याला पुष्कळच कमी आहे. ती भीती जशीच्या तशी उचलून इथल्या लोकांना घाबरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मेलॅनिन भरपूर म्हणजे डागही हट्टी. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर उमटणारा वांग हे आपल्याकडचं खरं दुखणं आहे. पुष्कळदा तो गरोदरपणात किंवा त्यानंतर सुरू होतो आणि उन्हानं वाढतो. वांग असलेली बाई लग्नकार्यात फोटोच्या वेळी मागं सरकते. तिला 'त्यात काय एवढं' म्हणणं मला निष्ठुरपणाचं वाटतं. औषधानं वांग फिका झाला, तरी उन्हापासून राखण नसेल तर तो पुन्हा उमटतो. म्हणून त्याच्या उपचारात सनस्क्रीन हा अर्धा उपचार आहे.

आता जस्ताकडे येऊ. १० नोव्हेंबर १९९१ ला ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेचा संघ अनेक वर्षांच्या बहिष्कारानंतर पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. त्यात २९ धावांत ५ बळी घेणारा ॲलन डोनाल्ड आठवत असेल, तर त्याच्या चेहऱ्यावरचे ते पांढरे पट्टेही आठवतील. ते झिंक ऑक्साइडचं, म्हणजे जस्ताच्या ऑक्साइडचं मलम. खनिज सनस्क्रीनमधला हा एक मुख्य घटक. आपल्याकडेही हा पदार्थ नवा नाही. गोवर-कांजिण्यांत किंवा घामोळ्यांवर लावायच्या गुलाबीसर कॅलामाइनमध्ये मुख्यतः तोच असतो, बाळाच्या लंगोटाच्या पुरळावरच्या मलमातही तोच. खनिज सनस्क्रीनमधला दुसरा घटक टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या रंगाला पांढरेपणा देणारा हाच. त्याचं एक मूळ खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडतं.

खनिज सनस्क्रीन आरशासारखं ऊन परतवतं आणि रासायनिक सनस्क्रीन ते शोषतं, असं सर्रास सांगितलं जातं. अतिनील किरणांच्या बाबतीत ते बरोबर नाही. हे दोन्ही खनिज कणही बहुतांश किरणं शोषूनच अडवतात. परतवण्याचा वाटा फार थोडा. फरक वेगळा आहे. हे कण त्वचेच्या वरच्या मृत थरावरच बसून राहतात, उन्हात सहसा विघटित होत नाहीत आणि नाजूक त्वचेला क्वचितच झोंबतात. झिंक ऑक्साइड 'बी'बरोबर 'ए' किरणांचाही मोठा पट्टा अडवतं. टायटॅनियमची ताकद मुख्यतः 'बी'कडे आणि 'ए'च्या अलीकडच्या टोकाकडे. वांगासाठी एकच निवडायचं असेल तर जस्त पुढे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये सनस्क्रीनच्या घटकांचा आढावा घेतला, तेव्हा 'सुरक्षित आणि परिणामकारक' या वर्गात ठेवण्याचा प्रस्ताव याच दोघांबद्दल होता; १२ रासायनिक घटकांबद्दल त्यांनी आणखी माहिती मागितली. त्या घटकांपैकी काही रक्तात उतरतात हे दिसलं आहे, पण रक्तात उतरणं म्हणजे अपाय होणं नव्हे. ज्यांना रासायनिक सनस्क्रीन सोसतं त्यांनी धास्तावून ते फेकून देऊ नये. डोळ्यांत चुरचुरणारं, पुरळ आणणारं सनस्क्रीन सोडून दिलेल्यांसाठी, लहान मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी मात्र मी खनिजच सुचवीन. नॅनो कणांविषयीही लोक विचारतात. धडधाकट त्वचेतून ते आतल्या जिवंत थरापर्यंत पोचत नाहीत, असंच आजवरच्या अभ्यासांचं म्हणणं आहे. श्वासावाटे ते फुप्फुसात जाणं मात्र बरं नाही, म्हणून स्प्रे किंवा भुकटी टाळावी.

खनिज सनस्क्रीनची मोठी अडचण म्हणजे ते पांढरं दिसतं. सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखी करडी झाक येते, आणि कॉलेजातली मुलगी ते एकदा लावून कायमचं बाजूला ठेवते. यावरचा उपाय आपल्या ओळखीच्याच एका पदार्थात आहे. गेरूला रंग देणारं लोहाचं ऑक्साइड शुद्ध स्वरूपात मिसळलेली, त्वचेच्या रंगाची सनस्क्रीनं आता सहज मिळतात. वांग फक्त अतिनील किरणांनी वाढत नाही. सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, काळपटपणा आणतो आणि तो टिकतो. नुसतं पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही; लोहाचं ऑक्साइड अडवतं. म्हणजे रंगीत सनस्क्रीन घेणं हा नखरा नव्हे, आपल्या त्वचेसाठी तीच योग्य निवड आहे. घरचा गेरू तोंडाला फासून मात्र हे काम होत नाही. कण किती बारीक आणि किती सारखे पसरले आहेत यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते घरच्या वाटीत जमत नाही. तीच गोष्ट कॅलामाइनची. त्यात जस्त असलं तरी सनस्क्रीन म्हणून त्याची चाचणी झालेली नसते. मुलतानी माती, चंदन, कोरफड, खोबरेल यांच्या भरवशावर तर दुपारी बाहेर पडूच नये.

मेडिकलवर गेल्यावर पुढची अक्षरं बघू नका, खोका उलटा करा. घटकांत झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असेल, पण शेजारी ॲव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट किंवा ऑक्टोक्रिलीनही असेल, तर ते मिश्र सनस्क्रीन आहे. वाईट नव्हे, पण 'मिनरल' म्हणून जास्त पैसे मोजण्याजोगंही नाही. एसपीएफचा आकडा मुख्यतः 'बी' किरणांबद्दल सांगतो: ३० चं सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० चं सुमारे ९८. त्यापुढच्या आकड्यांसाठी पैसे घालण्यात अर्थ नाही. 'ए' किरणांसाठी पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघावीत; तीन किंवा चार असावीत. 'गोरेपणा', 'उजळपणा' असा शब्द खोक्यावर असेल तर मी ते परत ठेवते. सनस्क्रीननं माणूस गोरा होत नाही, आणि व्हायची गरजही नाही.

खरा प्रश्न मापाचा आहे. खोक्यावरचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. आपण लावतो त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी, आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणतो. तर्जनी आणि मधलं बोट या दोन्हींवर पूर्ण लांबीची एकेक रेघ काढली की चेहरा आणि मानेपुरतं सनस्क्रीन होतं. या मापानं रोज एकदा लावली तरी ट्यूब लवकर संपते, आणि उन्हात असताना दोन-दोन तासांनी पुन्हा लावली तर आणखी लवकर. चांगल्या खनिज सनस्क्रीनची एक ट्यूब बहुतेकदा रानातल्या बाईच्या दिवसाच्या मजुरीहून महाग असते. तिला 'दर दोन तासांनी लावा' असं सांगणारा सल्ला तिच्यासाठी लिहिलेलाच नाही. तो समुद्रकाठी सुट्टी घालवायला गेलेल्यांसाठी आहे. मराठवाड्यात ऊन हे कामाचं आणि वाट बघण्याचं असतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माणसं घागरी घेऊन तासन्‌तास रांगेत उभी होती. तिथं कुणाच्या पिशवीत ट्यूब असणार?

म्हणून आधी कापड. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आणि पदर कपाळापर्यंत ओढून निंदायला जाणारी बाई जे करते, ते शास्त्राला धरूनच आहे. शहरात स्कूटीवरच्या मुलींचा स्कार्फ, सनकोट, हातमोजे. बाप्यांचं उपरणं, डोक्यावरचा टॉवेल, तोंडाला बांधलेली दस्ती, हेही तसंच. कापड घट्ट विणीचं हवं. उजेडाकडे धरून पाहिलं आणि आरपार दिसलं तर किरणंही आरपार जातात. पातळ पांढरं सुती कापड घामानं भिजलं की आणखी कमी अडवतं. अंग कापडानं झाकलं की सनस्क्रीन फक्त उघड्या राहिलेल्या गाल, नाक आणि हाताच्या पाठीपुरतं लागतं, आणि ट्यूब दुप्पट दिवस पुरते. रोजगार हमीच्या कामावर मुलांसाठी सावली आणि विश्रांतीची सोय कायद्यातच लिहिलेली आहे. ती सावली प्रत्यक्षात उभी राहावी यासाठी ग्रामसभेत भांडणं हेही त्वचेचं आरोग्यच आहे.

लातूर-नांदेडला शिकवणीसाठी आलेल्या पोरांसाठी आणखी एक. मुरुमांवर दिलेली डॉक्सिसायक्लिनची गोळी किंवा ॲडापालिनचं मलम चालू असताना त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. तेव्हा तेलकट नसलेलं, हलकं झिंक सनस्क्रीन लावायलाच हवं. गाजरगवताची ॲलर्जी असलेल्या शेतकऱ्याला, कोड असलेल्याला, ल्युपसच्या रुग्णालाही ऊन जास्त बाधतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीच लावू नये, सावलीत आणि टोपड्यात ठेवावं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. शेजारणीच्या किंवा ओळखीच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून आणलेल्या ज्या ट्यूबनं आठवड्यात वांग फिका पडतो, चेहरा उजळतो, तिच्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, लालबुंद होते, केस उगवतात, उन्हात आग आग होते, आणि थांबवलं की सगळं दुपटीनं उसळतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती मिळतातच. अशा चेहऱ्यावर नुसतं सनस्क्रीन चोपडून भागत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जाताना ती ट्यूब आणि तिचा खोका सोबत न्यावा, म्हणजे आत काय होतं ते डॉक्टरांना लगेच कळतं.