अ‍ॅब्लेशननंतरचा ताप अंगावर काढू नका

मोहर्लीच्या आसपासच्या गावांत ताप चढला, की पहिली शंका मलेरियाची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ती रास्तच आहे. पण तापाने फणफणलेल्या माणसाचं दोन-तीन आठवड्यांपूर्वी नागपूरला हृदयाचं कॅथेटर अ‍ॅब्लेशन झालं असेल, तर तेवढ्यावर थांबून चालत नाही.

हे अ‍ॅब्लेशन ज्यासाठी करतात, त्या अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. धडधड वाढते, नाडीचा ताल चुकतो आणि साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. फुफ्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांमध्ये या बेतालपणाची सुरुवात बहुतेकदा होते, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८मध्ये दाखवून दिलं. अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. त्या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने किंवा अतिथंडाव्याने व्रणांचं कडं करतात. विजेचे चुकार संदेश तिथेच अडतात.

बहुतेक रुग्ण थोड्याच दिवसांत बरे होऊन घरी जातात. जांघेतला रक्तस्राव किंवा हृदयाच्या आवरणात रक्त साचणं, या गुंतागुंती बहुधा रुग्णालयातच लक्षात येतात.

एक मात्र उशिरा उघड होते. अन्ननलिका डाव्या कप्प्याच्या मागे, काही मिलिमीटरवर असते. तिला चटका बसला, तर जखम खोल जात अन्ननलिका आणि हृदय यांच्यामध्ये भोक पडू शकतं. २०२३च्या ‘पॉटर-एएफ’ अभ्यासात ३५ देशांतल्या साडेपाच लाखांहून अधिक अ‍ॅब्लेशनचा आढावा घेतला गेला. त्यात असे रुग्ण १३८ निघाले, म्हणजे साधारण चार हजारांत एक. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश दगावले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी मात्र जवळपास निम्मे वाचले. लक्षणं साधारण १८ दिवसांनी सुरू झाली, काहींना दोन महिनेही लागले.

ताप, छातीत दुखणं, गिळताना कळ, रक्ताची उलटी, हातापायातली ताकद अचानक जाणं, ही ती लक्षणं. अशा वेळी छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन तातडीने लागतो. घशातून दुर्बीण घालणं टाळतात, कारण तपासणीसाठी सोडलेली हवा भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत पोहोचू शकते.

मोहर्लीहून चंद्रपूर तीसेक किलोमीटर, नागपूर त्याहून बरंच लांब. म्हणून अ‍ॅब्लेशन झालेल्यांनी डिस्चार्ज कार्ड निदान दोन महिने हाताशी ठेवावं. ताप आला तर मलेरियाची तपासणी जरूर करावी, पण समोरच्या डॉक्टरांना अ‍ॅब्लेशनची तारीख आधी सांगावी आणि ज्यांनी ते केलं, त्यांना त्याच दिवशी फोन करावा.