‘थोरला आहे ना, तो बघेल!’ : पण बँकेत, तहसीलमध्ये आणि सातबाऱ्यावर?

नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या घरात मुलगा किंवा मुलगी दिव्यांग असेल आणि आईवडील साठीपुढे गेले असतील, तर ‘तुमच्यामागं याचं कसं?’ या प्रश्नाला हमखास एकच उत्तर मिळतं: थोरला आहे ना, तो बघेल. थोरला बहुतेक वेळा बघतोही. खोट त्याच्या मनात नसते. पण ज्या दिवशी खरोखर बघायची वेळ येते, त्या दिवशी बँक, तहसील आणि पेन्शनचं कार्यालय त्याला विचारतं, ‘तुम्ही यांचे कोण?’ ‘सख्खा भाऊ’ एवढं उत्तर तिथं पुरत नाही.

आर्थिक नियोजन म्हटलं की म्युच्युअल फंड, ट्रस्ट आणि कोटीच्या विम्याची चर्चा सुरू होते. शहादा-तळोद्याच्या शेतकऱ्याला किंवा हंगामात गुजरातला ऊसतोडीला जाणाऱ्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कुटुंबाला त्याचा फारसा उपयोग नाही. इथली पुंजी म्हणजे दोन-चार एकर जमीन, वनपट्टा, बापाची एसटीतली किंवा साखर कारखान्यातली पेन्शन आणि सरकारचं मासिक अनुदान. त्यामुळं इथलं नियोजन पैशाआधी कागदांचं असतं आणि गैरसमजही जास्त करून कागदांचेच आहेत.

‘आम्ही जिवंत आहोत, पालक कशाला नेमायचा?’

मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्यानं संपतं. मुलाला बौद्धिक अक्षमता असली तरी संपतं. घरात काहीच बदलत नाही, जेवू घालणारी आई तीच असते, म्हणून हे कुणाच्या ध्यानात येत नाही. कळतं ते बँकेच्या खिडकीपाशी, खात्यातले पैसे अडकले की.

पालक नेमून घ्यायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि वकिलाला पैसे मोजावे लागतात, हा दुसरा समज. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, शिवाय नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. समितीनं किमान तीन महिन्यांतून एकदा बसावं, असं कायदाच सांगतो. आईवडील, भाऊ-बहीण किंवा दुसरे नातेवाईक तिच्याकडे अर्ज करू शकतात. पालकत्वाची गरज आहे का आणि कोणत्या कामापुरती आहे, हे समिती ठरवते. तिनं दिलेलं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला बँकांनी ग्राह्य धरावं, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. शाखेत कुणी ‘कोर्टाचा हुकूम आणा’ म्हणालं, तर ही गोष्ट नम्रपणे पण ठामपणे सांगायची.

बहीण दिव्यांग असेल, तर एक नियम आधीच माहीत असलेला बरा. मुलीचं किंवा स्त्रीचं पालकत्व एकट्या पुरुषाला दिलं जात नाही. भाऊ आणि वहिनी असं संयुक्त पालकत्व मिळतं आणि त्यात मुख्य मान वहिनीचा असतो. ‘नणंदेचं काय करायचं’ ही बैठक बाप आणि मुलगे ओसरीवर बसून उरकतात आणि वहिनी आत चहा ठेवत असते, अशा घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं. तिला विचारल्याशिवाय योजना आखली, तर ती कागदावरही टिकत नाही.

पालक झालो म्हणजे मिळकतीचा मालक झालो, हा समज त्याहून घातक आहे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकानं समितीला मिळकतीची यादी द्यायची असते आणि पुढं दरवर्षी जमाखर्चाचा हिशेब. हयगय किंवा अफरातफर झाली तर समिती पालकाला काढू शकते. प्रामाणिक भावालाही या हिशेबाचा आधारच होतो. उद्या दुसऱ्या भावंडानं ‘दादानं सगळं खाल्लं’ असं म्हटलं, तर दाखवायला वही असते.

मानसिक आजार मात्र बौद्धिक अक्षमतेहून वेगळा. आपल्याकडे बोलताना दोन्ही एकाच शब्दात गुंडाळतात, पण स्किझोफ्रेनिया असलेल्या भावासाठी राष्ट्रीय न्यासाची समिती पालक नेमत नाही. तिथं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांपुरता ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ ठेवू देतो. मिळकतीच्या कारभाराचा प्रश्न न्यायालयाकडे जातो. आणि अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असलेल्या किंवा सिकलसेलनं खंगलेल्या सज्ञान भावंडाला पालकाची गरजच नाही. त्याची सही किंवा अंगठा पूर्ण वैध आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, म्हणून मुद्दाम सांगायचं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. रुग्णालयाची जाडजूड फाइल असते, पण त्या आजाराचंही दिव्यांग प्रमाणपत्र निघू शकतं हे घरात कुणाला ठाऊक नसतं.

‘त्याला काय कळतंय? त्याचं नाव सातबाऱ्यावर कशाला?’

समजा, शहादा तालुक्यात तीन एकराचं एक खातं आहे. वडील गेले. मागं आई, थोरला, लग्न होऊन नवापूरला गेलेली मधली आणि बौद्धिक अक्षमता असलेला धाकटा. वारस नोंदीच्या वेळी तलाठ्यासमोर नावं सांगितली जातात आणि धाकट्याचं नाव गळतं. हेतू वाईट नसतो. उगाच सह्यांचा घोळ नको, एवढाच विचार. पण उद्या कालव्यात किंवा रस्त्यात जमीन गेली, तर मोबदल्याच्या यादीत धाकटा नसतो. थोरल्यानं पीककर्ज काढून ते थकलं, तर जप्तीच्या नोटिशीत धाकट्याचा हिस्सा वेगळा दिसत नाही. राज्यानं २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठीच. फेरफार होताना सगळी नावं आली का, हे बघायची हीच वेळ.

‘वेडसर माणसाला वाटा नसतो’ असं गावात अजून छातीठोकपणे सांगणारे भेटतात. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २८ नं ते केव्हाच मोडीत काढलं आहे: आजार, व्यंग किंवा दोष या कारणानं कुणाचाही वारसा जात नाही.

पण नंदुरबारमध्ये एवढ्यावर थांबता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि याच कायद्याचं कलम २(२) सांगतं की, केंद्रानं अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची कुटुंबांत वारसा रूढीनं चालतो. मग दिव्यांग भावंड वाऱ्यावर का? तर नाही. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ सर्व जातीजमातींना सारखंच लागू आहे आणि ते इतरांच्या बरोबरीनं मिळकत बाळगण्याचा, वारशानं मिळवण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क देतं. दिव्यांग बहिणीच्या बाबतीत आणखी एक आधार आहे. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाल्याशिवाय तिचा वाटा नाकारता येणार नाही.

वनपट्ट्याचं गणित निराळं. वन हक्क कायदा २००६ प्रमाणे मिळालेला हक्क वारशानं जातो, पण विकता किंवा कुणाच्या नावावर करून देता येत नाही. तेव्हा ‘अडचण आली तर पट्टा विकून त्याचं करू’ हा बेत मुळातच उभा राहत नाही. थेट वारस नसेल, तर हक्क जवळच्या नातेवाइकाकडे जातो. आदिवासी खातेदाराची सातबाऱ्यावरची जमीनही बिगर आदिवासीच्या नावे करायला महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चा अडसर आहे. ट्रस्टमध्ये जमीन टाकून बाहेरचा विश्वस्त नेमण्याचा सल्ला शहरातून कुणी दिला, तर हे आधी तपासायचं.

हक्कसोडपत्राबद्दल मात्र मी कडक बोलेन. बौद्धिक अक्षमता असलेल्या भावाला दुय्यम निबंधकाकडे नेऊन, यंत्रावर अंगठा टेकवून त्याचा हिस्सा सोडवून घेणं हा व्यवहार नाही. व्यवहार न समजणाऱ्याचा करार टिकत नाही. शिवाय दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ असं सांगतं की, मदत करणाऱ्याचं आणि दिव्यांग व्यक्तीचं हित आमनेसामने येईल त्या व्यवहारातून मदत करणाऱ्यानं बाजूला व्हावं. ज्याला हिस्सा मिळणार, तोच हात धरून अंगठा लावतो, यापेक्षा ठळक उदाहरण कोणतं?

‘नॉमिनी लावलाय, आता चिंता नाही’

चिंता आहे. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा; मालक कोण हे वारसा किंवा मृत्युपत्र ठरवतं. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या कुटुंबातला वाद याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात शेअर्सच्या बाबतीतही न्यायालयानं हेच कायम ठेवलं.

विम्यात २०१५ पासून थोडी सवलत आली. आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रकमेवर त्यांचा लाभाचा हक्क मानला जातो. या यादीत भाऊ-बहीण नाहीत. म्हणजे थोरल्यानं स्वतःच्या पॉलिसीवर दिव्यांग बहिणीचं नाव लावलं आणि मृत्युपत्र केलं नाही, तर त्याच्या माघारी ती रक्कम त्याच्या बायकामुलांकडे जाऊ शकते. तिथं कुणाची लबाडी असावी लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर केलेलं साधं मृत्युपत्र हा त्यावरचा उपाय. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

‘बाप गेला की पेन्शन आईला, आई गेली की बंद’

या एका समजुतीपायी हक्काचे पैसे सुटतात. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा-तापी परिसर कारखाना आहे; तिथल्या किंवा एसटीतल्या कामगाराची पेन्शन ईपीएस-९५ म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची असते. त्या योजनेत कायमस्वरूपी आणि पूर्णपणे अपंग असलेल्या मुलाला वयाची अट नाही. आई असेपर्यंत तिच्या पेन्शनच्या २५ टक्के, आईही गेली की ७५ टक्के. चाळिशीतल्या मुलालाही. जिल्हा परिषदेतल्या जुन्या पेन्शनच्या शिक्षकाच्या दिव्यांग अपत्याला १९८२ च्या राज्य निवृत्तिवेतन नियमांखाली, अटी पूर्ण केल्यास, आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. केंद्र सरकारच्या नोकरीत तर कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेलं दिव्यांग भावंडही त्यात बसतं. ज्या घरी भाऊच केंद्राच्या नोकरीत आहे, त्यानं स्वतःच्या कुटुंब तपशिलात दिव्यांग भावंडाचं नाव घातलंय का, ते आजच बघावं. बाप असो की भाऊ, तो हयात असताना हे नाव लागणं सोपं. तो गेल्यावर ‘अपंगत्व आधीपासून होतं’ हे सिद्ध करत बसावं लागतं.

अनुदान, विमा, कर

संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये ठरले आहेत. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० पर्यंत, अर्ज तहसीलमध्ये. उत्पन्न कुटुंबाचं धरतात, म्हणून बहिणीच्या नावे मोठी ठेव ठेवून वर अनुदानाचीही अपेक्षा करताना हिशेब मांडावा. आणि हो, हे अनुदान मिळणाऱ्या बहिणीला ‘लाडकी बहीण’चे पैसेही मिळतील, असं समजू नये; दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती त्यात बसत नाही.

‘दिव्यांगाला विमा कोण देणार?’ याचं उत्तर राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना. वर सांगितलेल्या चार प्रकारांसाठी वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात.

पगारदार भावासाठी आयकराची सवलत आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ८० डीडी म्हणून ओळखली जाते. अवलंबून असलेल्या दिव्यांग भाऊ-बहिणीसाठी ७५,००० रुपयांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. फक्त जुनी कररचना निवडली तरच. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, तेव्हा नुसत्या शेतकरी भावानं यात डोकं घालू नये.

‘भाऊ आहे’, पण भावाचं वय?

शेवटचा गैरसमज सगळ्यात साधा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. भाऊ मागच्या पिढीचा नाही, पुढच्याही नाही. थोरला धाकट्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा असतो. तोही थकणार, कदाचित आधी जाणार. नेमलेला पालक गेला की पालकत्व आपोआप त्याच्या मुलाकडे जात नाही, समितीकडे नवा अर्ज करावा लागतो. म्हणून मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून दुसरं नाव हवं. पुतण्या किंवा भाची चालेल, मात्र सज्ञान. आणि त्याला किंवा तिला समोर बसवून विचारलेलं असावं. भाची नवापूरला आहे की सुरतेला, मामा तिच्याकडे राहील का, की पैशाचा हिशेब ती बघेल आणि राहणं गावातच होईल, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. राहण्यासाठी एक माणूस आणि पैशासाठी दुसरं, अशी वाटणीही करता येते. घरात कुणीच नसेल, तर राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना सज्ञान दिव्यांगांच्या निवासासाठी आहे. तिच्यातली संस्था आपल्यापासून किती दूर आहे, तिथं काय खर्च येतो, हे भाऊ हिंडताफिरता आहे तोवर त्यानं स्वतः जाऊन बघून यावं आणि जमलं तर धाकट्यालाही सोबत न्यावं.