ठोके तेच, दमणूक वेगळी

२०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली, तेव्हा उकाड्यापुढे आयोजकांनीही हात टेकले आणि २४ फेऱ्यांची शर्यत २१ फेऱ्यांवर आणली. तरीही दुसरा आलेला स्पेनचा होर्हे मार्तीन शर्यतीत लेदर सूटची चेन उघडी असताना गाडी हाकत होता. शर्यत संपली तेव्हा शरीरातलं पाणी इतकं कमी झालं होतं, की त्याला धड उभंही राहवेना. शर्यत जेमतेम पाऊण तासाची, अंतर शंभरेक किलोमीटर, आणि तेही इंजिनाने कापलेलं. असं काही घडलं की एक विधान हमखास फिरू लागतं: रायडरच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १८० वर जातात, सबब मोटरसायकलची शर्यत म्हणजे मॅरेथॉनच. त्यावर उलट टोलाही ठरलेला असतो: बसून मूठ पिळायची, त्यात कसली आलीय मेहनत? पहिला पक्ष नाडीला मेहनतीचं माप समजतो, दुसरा पाय हलण्याला. दोघांचंही चुकतं, पण पहिल्याची चूक जास्त शिकवून जाते, कारण ती मनगटावरच्या घड्याळांमधून घरोघरी पोचली आहे.

आकडा खोटा नाही, हे आधी मान्य करू. इमान्युएले दार्तिबाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली डांबरी ट्रॅकवरच्या रायडरांची मोजमापं प्रसिद्ध केली. शर्यतीतला बहुतेक वेळ त्यांचं हृदय कमाल गतीच्या नव्वद टक्क्यांच्या वर धावत होतं. लांब पल्ल्याच्या धावपटूला इतक्या ठोक्यांवर तासभर टिकणंही जड जातं. मग फरक कुठे आहे? धावताना ठोके वाढतात ते ऑक्सिजनची गिऱ्हाइकं वाढतात म्हणून. मांड्या, पोटऱ्या, नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू एकदम मागणी करतात आणि हृदय ती पुरवत राहतं. शंभर वर्षांपूर्वी ए. व्ही. हिल हा इंग्रज शास्त्रज्ञ पाठीला श्वास साठवायची पिशवी बांधून गवताच्या छोट्या ट्रॅकवर स्वतःच फेऱ्या मारत होता. नोबेल पारितोषिकाचा मानकरी धापा टाकत स्वतःचाच उच्छ्वास गोळा करतोय, हे दृश्य शरीरशास्त्राच्या इतिहासात मला फार आवडतं. त्यातून त्याला दिसलं, की वेग वाढत जातो तसा ऑक्सिजनचा वापर वाढतो आणि एका मर्यादेला येऊन थांबतो. धावण्याचा हिशेब तेव्हापासून बराच सरळ आहे. किलोमीटरमागे, शरीराच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी. साठ किलोचा माणूस मॅरेथॉन पुरी करतो तेव्हा अडीच हजारांच्या आसपास किलोकॅलरी खर्ची पडतात, मग तो अडीच तासांत पोचो की पाच. या हिशेबात ठोके आणि ऑक्सिजन हातात हात घालून चढतात, म्हणून धावपटूच्या घड्याळाने ठोक्यांवरून कॅलऱ्या सांगितल्या तर फार बिघडत नाही.

गाडीवर मात्र ही जोडी फुटते. ती कशी फुटते हे लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ पीटर टॅगर्ट आणि त्यांचे सहकारी माल्कम कॅरुथर्स यांनी पन्नास वर्षांपूर्वीच दाखवलं होतं, आणि या वादात त्यांचं नाव कोणी घेत नाही याचं मला नवल वाटतं. त्यांनी मोटारशर्यतीतल्या चालकांचं रक्त शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर तपासलं. शर्यत संपताक्षणी नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि त्याने मोकळी केलेली मेदाम्लं प्रचंड वाढलेली होती, आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन पंधरा मिनिटांत पूर्वपदाजवळ आलं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, मात्र पुढेही चढत राहिली आणि तासाभराने नेहमीच्या दुपटीवर गेली. लढाईसाठी म्हणून इंधन कोठारातून काढलं होतं, ते जाळायला स्नायूंनी मागणीच केली नव्हती. ते उरलं आणि रक्तात फिरत राहिलं. मॅरेथॉन धावलेल्याचं इंधन संपतं, तर शर्यत चालवलेल्याचं पडून राहतं. याच मंडळींनी पुढे १९७३ साली श्रोत्यांसमोर भाषण करणाऱ्यांचे आलेख काढले, आणि त्यात काहींचे ठोके मिनिटाला १८० पर्यंत गेले. माइकसमोर उभ्या असलेल्या माणसाने मॅरेथॉन धावली असं कोणी म्हणत नाही. आपल्याकडच्या संमेलनाध्यक्षांनीही तसा दावा अजून केलेला नाही. नाडी रिक्षाच्या मीटरसारखी आहे: रिक्षा सिग्नलला उभी असली तरी वेटिंग चढतच असतं, त्यामुळे नुसत्या भाड्यावरून प्रवास किती झाला हे कळत नाही.

यावर रायडर मंडळींचा आक्षेप रास्त आहे, की आम्ही काही नुसते घाबरून बसलेलो नसतो. फिनलंडच्या संशोधकांनी मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या उड्यांच्या शर्यतीच्या रायडरांचा ऑक्सिजन गाडी चालवतानाच मोजला. तो चांगलाच वाढलेला निघाला. पण मिनिटं सरत गेली तसा ऑक्सिजन उतरत गेला आणि ठोके मात्र वरच राहिले, म्हणजे जोडी इथेही फुटलीच. शिवाय मातीत रायडर बहुतेक वेळ उभा असतो. ट्रॅकवरची मेहनत निराळी आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. बुद्ध सर्किटचा एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा घ्या. त्याच्या टोकाला साडेतीनशेच्या आसपासचा वेग काही सेकंदांत शंभराच्या घरात आणायचा असतो. त्या क्षणी ब्रेक गुरुत्वाकर्षणाच्या सव्वा ते दीड पटीने मागे खेचतो. सूट-हेल्मेटसकट ऐंशी किलोचा रायडर शंभर-सव्वाशे किलोच्या जोराने पुढे ढकलला जातो. तो भार मांड्यांनी टाकी आवळून आणि दोन्ही हातांनी तोलायचा, आणि त्याच उजव्या हाताच्या एकदोन बोटांनी ब्रेकचा दाब हलक्या हाताने कमीजास्त करत राहायचा. लगेच सगळं अंग एका बाजूला टाकून गाडी साठ अंशांपर्यंत झुकवायची, कोपर डांबराला लागेपर्यंत. मग दुसऱ्या बाजूला. स्नायू इथे आखडून धरलेले असतात, हलत नाहीत. निम्म्याहून अधिक ताकदीने आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. आत साठणारी रसायनं तक्रार करतात आणि मेंदू रक्तदाब चढवतो. १९३७ साली कैरोत आलम आणि स्मर्क या दोघांनी हे पट्ट्याच्या साध्या प्रयोगाने दाखवलं होतं: व्यायाम थांबला तरी हातापायाला घट्ट पट्टा बांधून रक्त अडवून ठेवलं, तर रक्तदाब चढलेलाच राहतो, आणि पट्टा सोडला की उतरतो.

त्यामुळे रायडर पहिल्यांदा हरतो तो कोपर ते मनगट या वीतभर जागेत. २०२१ साली हेरेझला फाबियो क्वार्तरारो आघाडीवर होता. कोपराखालचा हात दगडासारखा घट्ट झाला आणि तो थेट तेराव्या क्रमांकापर्यंत घसरला. पायांत आणि छातीत त्राण होतं, पण बोटांत उरलं नव्हतं. फुगलेल्या स्नायूला त्याच्यावरचं चिवट आवरण जागा देत नाही, म्हणून डॉक्टर ते आवरण चिरून मोकळं करतात. त्याने ती शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी जगज्जेता झाला. हाच विकार धावपटूंना नडगीपाशी होतो, हा या दोन खेळांमधला एक चमत्कारिक शेजार.

बोट दमतं कसं, हा प्रश्न एका माणसाने आयुष्यभर उराशी धरला होता. इटलीतल्या तुरीन शहरचा आंजेलो मोस्सो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने एर्गोग्राफ नावाचं यंत्र बनवलं. हात फळीला बांधायचा, शेजारची दोन बोटं नळ्यांत अडकवायची आणि एकट्या मधल्या बोटाने दोरीला टांगलेलं वजन मेट्रोनोमच्या टोल्याबरोबर उचलत राहायचं. काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर टोकदार सुई प्रत्येक उचल रेखते. रेघा आखूड होत जातात आणि अखेर सपाट होतात. मोस्सोने मग एक खोडसाळ गोष्ट केली. त्याचा सहकारी डॉ. माज्जोरा विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आला, की त्याचं बोट यंत्रात घालायचा. परीक्षा घेण्यात बोटाचा काहीच संबंध नव्हता, तरी रेघा नेहमीपेक्षा फार लवकर संपल्या. १८९१ च्या आपल्या पुस्तकात त्याने हे मांडलं: डोकं दमलं की स्नायूही लवकर दमतो. पुढे हिलचा ऑक्सिजन विज्ञानाच्या मुख्य रस्त्याने निघाला आणि मोस्सोचं बोट अडगळीत पडलं. धावण्याच्या शास्त्राने शंभर वर्षं फुप्फुसं, हृदय आणि लॅक्टेट मोजलं, मेंदूला प्रवासी समजून मागच्या सीटवर बसवलं.

त्याला पुढे आणलं सामुएले मार्कोरा या दुसऱ्या इटालियनाने. २००९ सालचा त्याचा आणि सहकाऱ्यांचा प्रयोग साधा होता. सोळा जणांनी एकदा दीड तास पडद्यावरच्या अक्षरांचं कंटाळवाणं, लक्ष गुंतवणारं काम केलं आणि एकदा तेवढाच वेळ माहितीपट पाहिला. दोन्ही वेळी नंतर जड भारावर दम संपेपर्यंत सायकल चालवली. माहितीपटानंतर सरासरी ७५४ सेकंद टिकणारी ही माणसं डोकं दमल्यावर ६४० सेकंदांत थांबली. हृदयात, श्वासात, रक्तात या फरकाचं कारण सापडेना. कष्ट मात्र सुरुवातीपासूनच जास्त वाटत होते. हाच मार्कोरा २०१३ साली लंडनहून बीजिंगपर्यंत मोटरसायकलवर गेला. दिवसभर गाडी हाकून डोकं शिणतं ते किती, हे त्याला रस्त्यावरच पाहायचं होतं.

इथे दोन्ही खेळ समोरासमोर ठेवता येतात, आणि माझ्या मते खरी तुलना हीच आहे. ताशी साडेतीनशेच्या वेगाने सेकंदाला सत्त्याण्णव मीटर सरतात. ब्रेक दाबायला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर झाला तर गाडी जवळजवळ दहा मीटर पुढे गेलेली असते, आणि पुढे वाळू असते. केल्विन किप्टुमने २०२३ साली शिकागोत २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या आत होता. तितका अवधी त्याचं लक्ष उडालं असतं तर काही बिघडलं नसतं. सामान्य धावपटू तर मुद्दाम लक्ष उडवतो. मॉर्गन आणि पोलॉक यांनी १९७७ साली दाखवलं होतं, की हौशी मंडळी गाणी, घरगुती हिशेब, जुनी भांडणं यांत मन रमवून अंतर मागे टाकतात, आणि अव्वल धावपटू उलट श्वास, पावलं, पाय यांवर नजर ठेवून असतात. म्हणजे धावपटूला लक्ष कुठे ठेवायचं हे निवडता येतं. रायडरला ती मुभा नाही. त्याचा पाऊण तास मार्कोराच्या पडद्यावरच्या त्या कामासारखाच आहे, फक्त ते काम आणि सायकल एकाच वेळी चालू असतात.

‘मग धावणं मनाला सोपं,’ असा निष्कर्ष कोणी काढेल. तसं नाही. रायडरला थांबावं की नाही हा विचार करायला वळणं सवडच देत नाहीत, आणि वेग उतरवून सावरायचं म्हटलं तर टायर थंड पडून पकड सुटायची भीती. धावपटूला थांबण्याचा पर्याय मात्र दर पावलाला खुला असतो, आणि थांबलं तर काही मोडत नाही, हेच त्याचं अवघड दुखणं. स्नायूंतलं आणि यकृतातलं ग्लायकोजेन दीड-दोन हजार किलोकॅलरींचं. ते तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपत येतं, तेव्हा साखरेवर चालणारा मेंदूच आधी कुरकुरतो. तिथून पुढे तासभर थांबायला तोच तो नकार तितक्याच ठामपणे देत राहणं, हे एका वळणावर मन एकवटण्यापेक्षा वेगळं कौशल्य आहे. एकात निर्णय शेकडो आणि क्षणिक, दुसऱ्यात निर्णय एकच आणि संपता संपत नाही.

‘दोन्ही इतके वेगळे, तर मोटोजीपीचे रायडर सायकली दामटत आणि धावत का असतात?’ हा प्रश्न उरतो. उत्तर उकाड्यात आहे. सहनशक्तीच्या सरावाने शरीरातलं रक्ताचं आकारमान वाढतं, घाम लवकर आणि जास्त येतो, दर ठोक्याला हृदय जास्त रक्त फेकतं. चामड्याच्या सूटमध्ये, एअरबॅगखाली घाम वाळत नाही. रक्त कातडीकडेही धाडायचं आणि आवळलेल्या हातांकडेही, या ओढाताणीत मोठी टाकी असलेला माणूस उशिरा आटतो. सकाळच्या धावण्याने बोटं बळकट होत नाहीत, एवढंच त्यातलं उणं. उलट दिशेने हा व्यवहार चालत नाही. ट्रॅकवर कितीही दिवस घालवले तरी मॅरेथॉनचा दम येत नाही, आणि घड्याळाने गाडीवरच्या पाऊण तासाच्या आठशे कॅलऱ्या दाखवल्या तर त्या हिशेबाने जेवू नये.

रायडरची दमणूक खरोखर मोजायची असेल तर नाडी सोडून ब्रेकच्या लिव्हरकडे पाहावं. आजच्या शर्यतीच्या गाडीवर ब्रेकचा दाब नोंदणारं यंत्र असतंच. पहिल्या फेरीला आणि विसाव्या फेरीला त्याच वळणावर ब्रेक कुठे लागला, किती झटकन चढला, बोट किती थरथरलं, ही सगळी रेघ तिथे उमटलेली असते. मोस्सोच्या काजळीवरच्या रेघेचीच ती नवी आवृत्ती. पण ती नोंद संघाच्या संगणकात जाते आणि ती वाचतात ते टायरचे आणि सस्पेन्शनचे इंजिनिअर.