हद्दवाढ आणि आपला कारोबार

१९७२ साली कोल्हापूरची महानगरपालिका झाली. त्यानंतर हद्दवाढीचे ठराव सभागृहात अनेकदा गाजले. पण पन्नास वर्षे उलटली तरी हद्द इंचभर सरकली नाही. २०१७ साली शासनाने ४२ गावांसाठी वेगळे प्राधिकरण नेमले, एवढेच.

आम्हा कापडवाल्यांचा जीव अडकला तो गांधीनगरात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी उभी केलेली ही घाऊक पेठ शहराला खेटून, पण हद्दीबाहेर. जकातीच्या दिवसांत तिथे गाठ उतरली तर पालिकेची जकात नाही. तीच महाद्वार रोडवर आणायची तर नाक्यावर पावती फाडावी लागे. आम्ही शहरवाले हद्दवाढ मागत होतो ती यासाठीच, खरे सांगायला हरकत नाही. पुढे जकात गेली, एलबीटी आला नि गेला. २०१७ च्या जीएसटीनंतर आत-बाहेर सारखेच.

उरला घरफाळा. उचगाव, गांधीनगरकडे गाळा किंवा कारखाना असलेल्यांना त्याचीच धास्ती. नव्या गावांत तो एकदम पूर्ण बसत नाही, टप्प्याटप्प्याने चढतो. शिवाय शासन मसुदा प्रसिद्ध करते तेव्हा लेखी हरकत घेता येते. चौकात कुरकुरण्यापेक्षा मुदतीत अर्ज द्या, पोच घ्या आणि पाणी, गटार, रस्ता कधी देणार, हे त्यातच विचारा.